कुंडीएवढं रान

आमच्या घरचा फोन माझ्या यजमानांनी उचलला की घोटाळा ठरलेला. "बाई आहेत का?" असं कुणी विचारलं की हे शांतपणे सांगणार, "नाही, ती मातीला गेलीय." आता यात खोटं काहीच नसतं. मी मुरूम बघायला नाहीतर वीटभट्टीवर फुटक्या विटांचे रोडे वेचायला गेलेली असते, म्हणजे मातीलाच की! पण आपल्या मराठवाड्यात मातीला जाणं म्हणजे मयतीला जाणं. पलीकडचा माणूस चपापतो, आवाज खाली आणतो आणि विचारतो, "अरेरे, कोण गेलं?" ह्यांना एका कानानं कमी ऐकू येतं. त्यांना वाटतं, कोणाबरोबर गेली म्हणून विचारतायत. हे म्हणतात, "एकटीच गेलीय. येईल संध्याकाळपर्यंत परत."

गारखेड्याच्या एक बाई तर असंच ऐकून पांढरी साडी नेसून भेटायला आल्या होत्या. मी डोक्याला फडकं बांधून चाळण मारत बसलेली, अंगभर धूळ. माझा तो अवतार बघून त्या रडायलाच लागल्या. मी म्हटलं, अहो, रडताय कशाला, तुमच्या जेडच्या झाडाची माती तयार आहे, पिशवी आणलीय का?

मी हर्सूलला राहते. तलावापासून जवळच आमची छोटी नर्सरी आहे, पण मला रोपवाली म्हणून कुणी ओळखत नाही. मातीवाल्या बाई हेच माझं नाव. बोन्साय करणाऱ्या हौशी लोकांना माती मिसळून देणं हा माझा धंदा, आणि त्यात माझं सगळं आयुष्य गेलं. आता पाठ कुरकुर करते, लेक म्हणते पुरे कर. पण कुणी आजारी झाड छातीशी धरून दारात उभं राहिलं की मला काही सुधरत नाही. हातातला स्वयंपाक टाकून मी चाळणीकडं धावते.

बोन्साय बघायला आलेले सगळे लोक वर बघतात. खोड केवढं जाड, फांदी कशी वळवली, पानं किती बारीक. मी खाली बघते. झाड ज्यात उभं आहे तो ट्रे केवढा? जेवायच्या ताटाएवढा, चार बोटं खोल. रानातल्या झाडाला एका बाजूला पाणी जास्त झालं तर मूळ दुसरीकडं वळतं. इथं ते बिचारं वळणार कुठं? म्हणून त्या चार बोटांत तीन कामं झाली पाहिजेत. पाणी धरलं पाहिजे, जास्तीचं सोडून दिलं पाहिजे, आणि दाण्यादाण्यांमध्ये हवा राहिली पाहिजे, कारण मुळांनाही श्वास लागतो. ही हवेची गोष्ट लोक हमखास विसरतात. माझ्याकडं येणाऱ्या आजारी झाडांत तहानेली थोडी आणि बुडालेलीच जास्त.

तेव्हा बोन्सायच्या मातीत खरं तर माती नसतेच. असतात ते दाणे. चाळलेला मुरूम, पक्क्या विटेचा चुरा, थोडा कोळसा, आणि पुरतं कुजलेलं पाल्याचं खत. ज्वारीच्या दाण्यापेक्षा बारीक निघेल ते फेकून द्यायचं, हरभऱ्यापेक्षा मोठं ते ट्रेच्या तळाशी, आणि मधलं ते आपलं. बारीक पूड फेकताना बघून नवीन लोकांचा जीव खालीवर होतो. एवढी मऊ माती फेकता? अहो, तीच तर वैरीण. पाण्याबरोबर खाली उतरते आणि तळाला चिखल होऊन बसते.

मिश्रण झालं की ओलं करून मूठ वळायची. मूठ उघडल्यावर लाडू तसाच राहिला तर नापास. बोट लावल्याबरोबर विस्कटला तर पास. बाकी प्रमाण झाडागणिक बदलतं. वडाला-उंबराला ओल जास्त लागते, जेडला आणि अडेनियमला अगदी बेताची, चिंच मधली. शिवाय गावागणिकही बदलतं. पुण्याच्या हवेतलं प्रमाण इथं कुणी वापरलं तर आपल्या मेच्या उन्हात दुपारपर्यंत झाडाचा कोळसा होईल.

आता मुरमाबद्दल थोडं बोलू द्या, कारण मुरूम म्हणजे माझं माहेर. फुलंब्री तालुक्यात डोंगराच्या पायथ्याशी वडलांचं रान होतं, सगळं मुरमाड. आपल्याकडं हा शब्द शिवीसारखा वापरतात. सोयरीक जमवायला आलेला माणूस पाणी प्यायच्या आधी विचारतो, रान काळं हाय का मुरमाड? माझ्या सासूबाई काळ्या रानाच्या घरातल्या. माझ्या भाजीत मीठ कमी पडलं तरी त्या म्हणायच्या, मुरमाडातली हाय, तिला काय कळतंय. पुढं शहरातले लोक गाड्या घेऊन माझ्याकडं मुरूम न्यायला लागले, तेव्हा सासूबाई ओट्यावर बसून बघत राहायच्या. एकदा न राहवून त्यांनी विचारलं, "माणसं येडी झाली का गं?" मी म्हटलं, "व्हय आत्या, सगळीच."

आणि काळी माती? रानात ती महाराणी, मला मान्य आहे. कापूस तिचा, तूर तिची, ज्वारी तिची. पण ट्रेमध्ये तिच्यासारखी अवदसा नाही. भिजली की फुगते आणि हवेची एकेक फट बुजवून टाकते. वाळली की आकसते, भेगाळते, आणि भेगेत आलेली बारीक मुळं तटातट तोडते. आपला माणूस नेमकी तीच घालतो! हौसेनं बोन्साय आणतो आणि गावाकडून पोतंभर काळी आणतो, सोनं हाय सोनं म्हणत. ही चूक आपल्याच भागातला माणूस करू शकतो. दुसऱ्यांना इतकी चांगली माती मिळतेच कुठं?

जुन्या शहरातले एक घड्याळदुरुस्तीवाले चाचा आहेत. त्यांचं डाळिंबाचं बोन्साय होतं, दरवर्षी लिंबाएवढी फळं धरायचं. ते काळ्या मातीत होतं. मी बदलूया म्हटलं तर चाचा म्हणाले, "बाजी, मिट्टी नको बदलो. उसकू आदत हो गई है." मी झाड तसंच राहू दिलं. पुढच्या पावसाळ्यात डाळिंब उभ्या उभ्या गेलं. चाचा अजून नर्सरीत येऊन बसतात, चहा घेतात आणि न चुकता म्हणतात, आपने तो बोली थी. मी बोलले होते हे खरं, पण भांडले नव्हते. ते डाळिंब मला फार लागलं.

हे सगळं पुराण लावायचं कारण म्हणजे साहेबराव.

बिडकीनच्या बाजूचे शेतकरी. वय सत्तरीच्या आसपास, उंच, पांढरं धोतर, टोपी. एका सकाळी त्यांचा मुलगा गाडी घेऊन आला आणि मागच्या सीटवरून आधी एक वड उतरला. वडाला सीटबेल्ट लावलेला होता! पलीकडच्या कोपऱ्यात साहेबरावांच्या बायको गयाबाई अंग चोरून बसल्या होत्या. उतरता उतरता त्या मला म्हणाल्या, "झाडाला पट्टा लावला बगा. मला कवा लावला नाय."

झाडाची गोष्ट अशी. साहेबरावांचं रान कारखान्यांच्या नव्या वसाहतीत गेलं. रीतसर गेलं, मोबदला मिळाला, घर झालं, गाडी झाली. आपली तक्रार नाय, असं ते स्वतःच दोनदा म्हणाले. त्या रानात विहिरीवर मोठा वड होता. जमीन सोडायच्या आधी त्यांनी त्या वडाची मनगटाएवढी फांदी तोडून आणली आणि वडाखालचीच दोन पोती काळी माती. लोक हसले. फांदी मात्र जगली. पुढं कुणीतरी त्यांना प्रदर्शनात बोन्साय दाखवलं, मग त्यांनीही ट्रे आणला, आणि फांदी रुजवताना, कुंड्या बदलताना संपत आलेल्या पहिल्या पोत्यातली उरलेली माती घालून त्यात वड वाढवला. छाटणी बैलाची शिंगं साळावीत तशी निगुतीनं केलेली. काय खोड होतं ते! बुंध्याशी रुंद, वर जरा झुकलेलं. मी बघतच राहिले.

पण पानं पिवळी पडून गळत होती. ट्रे उचलला तर दगड. काडी खुपसली तर जाईना. झाड अलगद बाहेर काढलं, तर खालची मुळं काळी पडलेली, साल बोटाबरोबर निघून येत होती, आणि आंबूस वास. मी सांगितलं, "तात्या, माती बदलावी लागेल. नाहीतर हे झाड उन्हाळा काढत नाही."

साहेबरावांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. झाडाकडं बघत म्हणाले, "माती बदलायची नाय, ताई. झाडं काय, लावंल तिथं येत्यात. ही माती हाय तवर माझं रान हाय."

त्या रानात आता कारखान्याची मोठी शेड उभी होती. विहीर बुजवलेली, वड तोडलेला. साहेबरावांच्या रानातलं जे काही या जगात उरलं होतं ते म्हणजे हा ट्रे आणि घरात तोंड शिवून ठेवलेलं दुसरं पोतं. त्यातलं झाड मातीमुळंच मरत होतं आणि हा माणूस माती सोडायला तयार नव्हता. मला चाचांचं डाळिंब आठवलं. या खेपेला मी भांडले.

मी म्हटलं, झाड इथं ठेवा. निव्वळ वाळूत ठेवते, मुळं जरा बरी होऊ द्या, तुमच्या मातीचं नंतर बघू. वाळू म्हणजे फक्त दवाखान्याची खाट. दवाखान्यात कुणी घरचं अंथरूण नेतं का? ते म्हणाले, नेतो की. आता खरंच नेतोच आपण! शेवटी गयाबाईंनी निकाल दिला. झाड इथंच राहणार, म्हणाल्या, आणि मी पुढं पट्टा लावून बसणार. साहेबराव निघाले, पण जाताना ट्रेमधली जुनी माती ढेकळासकट पोत्यात भरून घेऊन गेले. कुजलेल्या मुळांसकट!

झाड तर ठेवून घेतलं, पण मी वचन देऊन बसले होते आणि डोक्यात काही नव्हतं. काळी माती मुरमात मिसळून बघितली, भिजल्यावर ती मुरमाच्या फटींत जाऊन बसली. वाळवून, खडे करून बघितले, पाणी घातल्यावर पुन्हा चिखल. तिचा स्वभाव काही जाईना.

त्याच आठवड्यात ओंकार आला. एका कंपनीत इंजिनिअर आहे, बोन्सायचं अतोनात वेड. आईचा स्वयंपाकघरातला वजनकाटा पळवून मातीचं प्रमाण मोजतो म्हणून मी त्याला केमिस्ट म्हणते. त्यानं जपानची कुठलीशी माती ऑनलाइन मागवली होती आणि पुडीत बांधून मला दाखवायला आणली होती. पिवळसर, गोल गोल दाणे. मला सवय आहे, मी एक दाणा दाताखाली धरला. ओंकार कळवळला, म्हणाला, मावशी, खाऊ नका, फार महाग आहे. दाणा दाताखाली कुरकुरला, पण जिभेवर विरघळला नाही.

"हा दगड आहे का रे?" मी विचारलं.

"नाही. मातीच आहे. दाणे करून भाजलेली."

भाजलेली! मी ताडकन उठले. आयुष्यभर मी विटेचा चुरा चाळत आले. वीट म्हणजे तरी दुसरं काय, भाजलेली मातीच ना? मातीचा एकदा दाणा करून तो कुंभाराच्या आव्यात पक्का भाजला, तर तो फुगणार नाही, आकसणार नाही, पाणी पोटात धरेल आणि दोन दाण्यांमध्ये हवा राहील. हे माझ्या पुढ्यातच पडलेलं होतं आणि मला दिसलं नव्हतं. ओंकारला मी आनंदाच्या भरात जपानी मातीच्या बदल्यात दोन पाट्या मुरूम दिला. तोही खूश, मीही खूश.

फुलंब्रीकडं आमच्या माहेरचे काशिनाथमामा कुंभार आहेत. त्यांच्याकडं गेले. ते आधी नाहीच म्हणाले. काळी माती आव्यात घालत नसतात, तडकती, आम्ही सुद्धा तळ्याचा गाळ वापरतो. मी हट्टच धरला. मग ते म्हणाले, भुसा मिसळ, तो आत जळून जाईल आणि दाणा सच्छिद्र होईल. साहेबरावांना मी फोनवर सांगितलं. ते लगेच म्हणाले, "भुसा कोणाच्या रानातला?" मी म्हटलं, तात्या, तो जळून जातो, उरत नाही. मग परवानगी मिळाली.

त्यांनी दुसऱ्या पोत्यातली निम्मी माती मुलाच्या हाती पाठवली. भिजवली, मळली, थापून वाळवली, फोडून दाणे केले, चाळले, आणि रुंद तोंडाच्या मडक्यांत भरून आव्यात ठेवले. आवा उघडायच्या दिवशी मला नीट जेवण गेलं नाही. दाणे निघाले, सुंदर, खणखणीत! हातात घेतले तर छनछन वाजत होते. मी आनंदानं त्यावर पाणी शिंपडलं आणि झाकून ठेवले.

दुसऱ्या दिवशी बघते तर दाणे फुटत होते. कुठं चीर, कुठं पापुद्रा उडालेला, आणि प्रत्येक फुटक्या दाण्याच्या पोटात पांढरा ठिपका. काशिनाथमामांनी एक दाणा हातात घेतला आणि विचारलं, "चुनखडी काढली व्हती का?"

काळ्या मातीत चुनखडीचे पांढरे खडे असतात हे शेतकऱ्याच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आव्यात त्यांचा झाला कळीचा चुना, आणि पाणी लागल्यावर तो फुगून दाणा फोडून बाहेर आला. आम्हा काळ्या-मुरमाडाच्या पंडितांच्या ध्यानात ती एवढीशी गोष्ट राहिली नाही. आता पोत्यात उरलेली निम्मी माती आणि जुन्या ट्रेमधली ती ढेकळं, एवढंच साहेबरावांचं रान शिल्लक होतं. त्यांना कसं सांगावं या विचारानं माझा जीव अर्धा झाला. शेवटी फोन लावून सांगून टाकलं. साहेबराव म्हणाले, "उरलेली घिऊन येतो. पण या टायमाला मी सोता निवडणार."

आणि काय मजेचे दिवस होते ते! नर्सरीच्या सावलीत आम्ही सुपं घेऊन बसलो, साहेबराव, गयाबाई आणि मी. ढेकळं फोडायची आणि तांदळातले खडे वेचावेत तशी चुनखडी वेचायची. साहेबरावांनी जुन्या ट्रेमधली मातीही मुळं काढून, वाळवून आणली होती. वेचता वेचता ते बोलत. हा पट्टा तुरीचा, इथं मोट होती, इथं बैल बसायचा. सगळी माती सारखीच दिसत होती, पण ते ढेकूळ बघून सांगत आणि गयाबाई दुरुस्त करत, तुरीचा नव्हं, करडीचा. वेचून झाल्यावर काशिनाथमामांच्या सांगण्यावरून सगळी माती पाण्यात कालवून फडक्यातून गाळली, म्हणजे बारीक खडेही राहायला नकोत. त्याच दिवसांत मी त्यांना आमच्या ह्यांच्या फोनचा किस्सा सांगितला, एकटीच मातीला गेलीय आणि संध्याकाळी परत येईल तो. गयाबाई इतक्या हसल्या की सुपातली माती सांडली आणि साहेबरावांनी ती बोटांनी गोळा केली.

दुसरा आवा आम्ही चौघांनी मिळून उघडला. काशिनाथमामांनी राख बाजूला केली, मडकं बाहेर काढलं. मी आधी पाण्यात दाणे टाकले आणि बसून राहिले. एकही फुटेना. मी दुसऱ्यांदा टाकले. दातानं चावले. पक्के! मी टाळ्या वाजवल्या, या वयात, कुंभाराच्या अंगणात.

साहेबरावांनी मात्र ओंजळीत दाणे घेतले होते आणि त्यांचं तोंड उतरलं होतं. मातीचा रंग गेला होता. काळीभोर माती भाजून विटेसारखी लाल झाली होती. पहिल्या आव्यातही ती लालच निघाली होती, पण मला रंगाचा विचारच सुचला नव्हता. मी दाणे फुटतात का तेवढंच बघत होते.

"ही माझी नाय," साहेबराव म्हणाले. "माझं रान काळं व्हतं."

काशिनाथमामांनी हळूच सांगितलं की धूर कोंडून पुन्हा भाजली तर काळी करता येते, मडकी करतो तशी. साहेबरावांनी मान वर केली. तेवढ्यात गयाबाई पुढं आल्या.

"काय करायचं नाय," त्या म्हणाल्या. "लग्नात आलते तवा तुमचं डोकं काळंभोर व्हतं. आता पांढरं झालं. मंग म्या म्हणू का, ह्यो माझा माणूस नाय? तुमी कलप लावला नाय, मातीला कशाला लावायचा?"

साहेबरावांनी टोपी काढली. डोक्यावरून हात फिरवला. हसायला लागले, आणि हसता हसता टोपीनंच डोळे पुसायला लागले. माझेही भरून आले होते, खोटं कशाला सांगू. काशिनाथमामा उगाच राख सारत राहिले.

गुढीपाडव्याच्या सुमाराला आम्ही वड लावला. वाळूत त्याला पांढरी मुळं फुटली होती. दाण्यांत मी चार मुठी खत घातलं, आणि याला मात्र साहेबरावांची काहीच हरकत नव्हती. खत तर आपण गावभरातून आणतोच, म्हणाले. ट्रे भरला तो त्यांनीच. वरून पाणी घातलं, ते सरसर खाली उतरलं आणि तळाच्या भोकांतून स्वच्छ बाहेर आलं. त्यांनी वाकून बघितलं. पुन्हा घातलं, पुन्हा बघितलं. मी म्हटलं, तात्या पुरे, बुडवाल त्याला.

उन्हाळा वडानं काढला. लाल कोंब फुटले तेव्हा साहेबरावांचा फोन, पान उलगडलं तेव्हा फोन. श्रावणात खालच्या फांदीतून दोऱ्याएवढी पारंबी लोंबायला लागली आणि मग तर रोज फोन. मी त्यांना आधीच सांगून ठेवलं, आपली हवा कोरडी, ताटाएवढ्या वडाची पारंबी बहुतेक मधेच वाळते, फार आशा धरू नका. पारंबी जमिनीत रुजली की मग वड खऱ्या अर्थानं त्या जागेचा होतो, हे मला त्यांना सांगायची गरज नव्हती. नातवाची उसाचा रस प्यायची नळी उभी चिरायची, पारंबी तिच्यात ठेवायची आणि आतून ओल धरायची, एवढी युक्ती तेवढी मी शिकवली. गयाबाईंनी सांगितलं की ते आता जेवायलाही वडाजवळच बसतात.

भाद्रपदातली गोष्ट. मी खरोखरच मातीला गेले होते, मुरूम बघायला, आणि मोबाइल घरी विसरला होता. परत आले तर आमचे हे दारातच उभे, चेहरा पडलेला. म्हणाले, पाय धू आणि चल, आपल्याला बिडकीनला जायला लागेल. साहेबरावांचा फोन आला होता.

मी विचारलं, "काय झालं?"

"मी त्यांना म्हटलं, ती मातीला गेलीय. तर ते म्हणाले, आमच्याकडची पण मातीला गेली. ताईंना लगेच पाठवा."

डोळ्यांपुढं गयाबाई आल्या. मी तिथंच पायरीवर बसले. "कोण? नाव काय म्हणाले?"

"नीट ऐकू आलं नाही," हे म्हणाले. "पारूबाई की पारंबाई, असं कायतरी. म्हातारा माणूस, धक्का बसला असेल. फोनवर नुसता हसत होता."

"पारंबी!" मी ओरडले. "अहो, पारंबी!" आणि हाताची माती तशीच ठेवून मी गाडीकडं पळाले. हे मागून विचारतच होते, "अगं पण ही पारंबी कोण?"